झाड हिरवंगार, पण फूल नाही: मोठ्या झाडांखालच्या फुलझाडांची नेहमीची तक्रार

पाच वर्षांचा कांचन. माझ्या डोक्याच्या वर हातभर गेलेला, पानं तळहाताएवढी, बुंधा मनगटापेक्षा जाड. कीड नाही, रोग नाही. आणि पाच वर्षांत एकही फूल नाही.

मुळशी भागात आमची बावीस गुंठे जागा आहे. घेतली तेव्हाच तिच्यावर दोन जुने आंबे, एक फणस, चार-पाच जांभळं, खालच्या अंगाला सागाचा पट्टा आणि कडेने वाहणारा ओढा असं सगळं होतं. यातलं काहीच तोडायचं नाही, हे आम्ही पहिल्याच दिवशी ठरवलं. वर मोठी राई, तिच्या पोटात छोटी फुलणारी झाडं आणि खाली पालापाचोळा, अशी बाग करायची. त्याप्रमाणे कांचन, सीता अशोक, पारिजातक, बहावा, ताम्हण, पांढरा कुडा, अंजनी अशी झाडं टप्प्याटप्प्याने लावली. बहुतेक सगळी जगली, वाढलीही चांगली. फुलायला मात्र तयार नव्हती.

अशी झाडीतली बाग ज्यांच्याकडे आहे, त्या प्रत्येकाकडून मी हीच तक्रार ऐकते. झाड ठणठणीत, पण फुलत नाही. दर हंगामात तेच आणि दर हंगामात कुणीतरी नवं खत सांगतं. मीही शेणखत घातलं, हाडांचा चुरा घातला, बुंध्याभोवतीची माती बदलली. एका परिचितांनी तर खोडावर कोयत्याचे चार घाव घाला, झाड घाबरून फुलेल असं सांगितलं. ते मी केलं नाही आणि तुम्हीही करू नका. त्या घावांतून बुरशी आणि खोडकिडा आत शिरतो आणि फुलाची वाट बघता बघता झाडच जातं.

उत्तर शेवटी मिळालं ते आमच्याकडे काम बघणाऱ्या मामांकडून. जानेवारीतली सकाळ होती. मी कांचनाच्या फांद्यांवर कळ्या शोधत होते. मामा मागे येऊन उभे राहिले आणि म्हणाले, "ताई, ह्याला थंडीचं ऊन कुठंय?"

आधी थंडीतलं ऊन मोजा

मी तावातावाने म्हटलं, ऊन आहे की! जागा मी स्वतः मे महिन्यात उभं राहून निवडली होती. सकाळी आठ ते अकरा स्वच्छ ऊन, संध्याकाळी परत तासभर. ते खरंच होतं, पण मे महिन्यापुरतं.

पुण्याच्या परिसरात आपण साधारण १८-१९ अंश उत्तर अक्षांशावर आहोत. मे महिन्याच्या मध्यावर सूर्य दुपारी बरोबर डोक्यावर येतो. पुण्यात शून्य सावलीचा दिवस १३ मेच्या सुमारास असतो. त्या दिवसांत आंब्याची दुपारची सावली आंब्याच्याच पायाशी पडते. शिवाय जूनच्या आसपास सूर्य पूर्वेच्या सुमारे २५ अंश उत्तरेला उगवतो आणि पश्चिमेच्या तेवढाच उत्तरेला मावळतो. त्यामुळे मोठ्या झाडाच्या उत्तरेकडच्या जागेलाही सकाळ-संध्याकाळ ऊन मिळतं. आपण झाडं लावतो पावसाच्या तोंडावर, म्हणजे नेमकी हीच फसवी वेळ.

डिसेंबरात चित्र पालटतं. २१-२२ डिसेंबरला सूर्य दुपारी बारालाही जेमतेम ४८ अंशांवर असतो, दक्षिणेकडे झुकलेला. १० मीटर उंच आंब्याची सावली भर दुपारी ९ मीटर उत्तरेला जाते. सकाळी-संध्याकाळी तर ती त्याहून कितीतरी लांब पडते. माझा कांचन आंब्याच्या उत्तरेला, सहा मीटरवर. दिवाळीपासून संक्रांतीपर्यंत त्याच्यावर सरळ ऊन जवळजवळ पडतच नव्हतं.

कांचन फुलतो फेब्रुवारी ते एप्रिल, पानं बरीचशी गळून गेल्यावर. पावसाळ्यानंतर सप्टेंबर ते डिसेंबर या काळात पानांनी जे कमावलं, त्याच्या जोरावर कळ्या धरतात. नेमक्या त्याच महिन्यांत झाड अंधारात असेल तर ते जगेल, पावसाळ्यात पानं काढेल, उंच होईल, पण फुलण्याइतकी शिल्लक त्याच्याकडे नसेल. वर्षभराचं मिळून ऊन भरपूर असूनही फूल नाही, हे कोडं असं सुटलं. चांगल्या उन्हात बियांपासून केलेला कांचनही तीन-चार वर्षांत फुलतो. म्हणजे वयाचा प्रश्न नव्हता.

तपासायची पद्धत सोपी आहे. २० डिसेंबर ते संक्रांत या दरम्यानचा एक निरभ्र दिवस धरा. सकाळी आठपासून संध्याकाळी पाचपर्यंत दर तासाला झाडापाशी जाऊन हात पसरून पानांवर धरा. हाताच्या सावलीची कड धारदार उमटली तर ते ऊन. कड विरघळल्यासारखी, फिकी दिसली तर ते गाळलेलं ऊन, ते मोजायचं नाही. शेंड्याचं आणि मधल्या फांद्यांचं वेगवेगळं मोजा, कारण शेंडा उन्हात आणि कमरेखालचं सगळं सावलीत, असं पुष्कळदा असतं. कांचन, बहावा, ताम्हण यांना पाच-सहा तास मिळाले तर निश्चिंत राहा. तीन तासांच्या खाली असतील तर बाकीची कारणं शोधण्यात अर्थ नाही.

आमच्या कांचनाला त्या दिवशी मिळाला अर्धा तास. तोही फक्त शेंड्याला.

मग करायचं काय?

पहिला विचार येतो झाड हलवायचा. पाच वर्षांचा कांचन उपटून दुसरीकडे लावणं मला धोक्याचं वाटलं, मूळ खोल गेलेलं असतं. दुसरा विचार येतो आंबा तोडायचा. तो कृपा करून करू नका. फुलासाठी राई तोडायची तर मग राईतली बाग कशाला? शिवाय कायदाही आहे. शहरी भागात १९७५ च्या वृक्ष संरक्षण कायद्याखाली परवानगी लागते, आणि गावाकडे आंबा, फणस, जांभूळ ही झाडं १९६४ च्या वृक्षतोड नियमन कायद्याच्या यादीत आहेत. मोठ्या फांद्या उतरवायच्या असतील तरी आधी स्थानिक कार्यालयात विचारून घ्या.

आम्ही आंब्याचं छत उचललं. म्हणजे दक्षिणेकडून येणारं ऊन ज्या खालच्या तीन फांद्या अडवत होत्या, तेवढ्याच काढल्या. आंबे उतरून झाल्यावर, जोराचा पाऊस लागायच्या आत. फांदी एका दणक्यात तोडली तर साल खोडापर्यंत सोलत जाते, म्हणून आधी खालून अर्धा कापा, मग थोडं पुढे वरून कापा आणि शेवटी उरलेला खुंट बुंध्याच्या गाठीलगत काढा. कापलेल्या जागी बोर्डो पेस्ट (मोरचूद आणि चुन्याचा बुरशी रोखणारा लेप) लावली. वर बघितलं तर आंब्याला काही झाल्याचं जाणवतही नव्हतं.

पुढच्या डिसेंबरात कांचनाला तीन तास ऊन मिळालं. त्या फेब्रुवारीत फुलं आली अकरा. मोजली, कारण एवढीच होती. फिकट जांभळी, एका पाकळीवर गडद रेषांचं जाळं. त्याच्या पुढच्या वर्षी मोजायची गरज उरली नाही.

दुसरा कांचन लावताना मात्र शहाणपण वापरलं आणि तो सागाच्या पट्ट्यात लावला. आंबा, जांभूळ, फणस बारमाही हिरवे. त्यांची सावली थंडीतही तेवढीच दाट. साग माघ-फाल्गुनात उघडा होतो, पांगारा, सावरही तशीच. त्यांच्याखाली वसंतात फुलणाऱ्या झाडाला निदान फुलायच्या वेळी आकाश मोकळं मिळतं. म्हणून नवी जागा निवडताना वरच्या झाडाचं नाव आधी बघा, ते पानगळीचं की सदाहरित, आणि तुमचं छोटं झाड त्याच्या कुठल्या बाजूला येतंय. दक्षिणेची आणि नैर्ऋत्येची कड ही राईतली सगळ्यात मोलाची जागा आहे. ती शोभेच्या दगडांना किंवा बाकड्याला देऊ नका.

कात्री चुकीच्या महिन्यात लागली का?

ऊन पुरेसं असूनही फूल नसेल तर दुसरा संशय छाटणीवर घ्या. आमच्या शेजारच्या वाडीत छाटणीचं काम घेणारा माणूस दसऱ्याच्या आधी येतो आणि सगळी झाडं एकसारखी कापून जातो. बाग देखणी दिसते, पण पुढच्या वसंतात उघडीबोडकी राहते. कांचनाच्या कळ्या आदल्या पावसाळ्यात वाढलेल्या फांद्यांवर येतात. त्याच फांद्या आश्विनात कापल्या तर कळ्या येणार कुठून? कांचनाची छाटणी फुलं संपली की लगेच, एप्रिल-मेमध्ये करा. शेंगा काढायच्या असतील तर त्याही तेव्हाच.

पारिजातकाचं उलटं. तो नव्या फुटव्यांच्या टोकांना आणि पानांच्या बगलेत फुलतो, श्रावण-भाद्रपदापासून पुढे. त्याची छाटणी थंडी सरताना केली की नवे फुटवे भरपूर येतात आणि फुलंही. ताम्हण वैशाखात फुलतो खरा, पण त्याचे तुरे नव्या वाढीच्या टोकाला येतात, म्हणून तो जानेवारीत हलका छाटला तर चालतो. आपल्या राज्याचं फूल आहे ते, निदान एक ताम्हण ओढ्याच्या उन्हाच्या कडेला लावाच. कुंतीचं कुंपण दर महिन्याला कापलं जात असेल तर ती फुलणार नाही. पाऊस पडल्यावर ती एकदम पांढरी होते, त्याआधी काही आठवडे तिला हात लावू नका.

सीता अशोकाचं प्रकरण निराळं आहे आणि त्याबद्दल मला जास्त लिहायचंय. अशोक जुन्या फांद्यांवर, खोडावरच्या गाठींतून फुलतो. या गाठी दिसायला काहीच नसतात. खरखरीत सालीवर मोहरीएवढे फुगीर ठिपके, कुठे एखादी बोटाच्या पेरापेक्षा लहान काटकी. मामांच्या मदतीला आलेल्या एका मुलाने खोड साफ दिसावं म्हणून त्या सगळ्या काटक्या कोयत्याने खरवडून काढल्या होत्या. त्याला दोष कसा द्यायचा, त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. दोन वर्षं अशोक मुका राहिला. तिसऱ्या वर्षी माघात त्याच गाठींतून पुन्हा गुच्छ फुटले. आधी केशरी, चार-पाच दिवसांत लालबुंद. जवळून बघितलंत तर कळेल की त्याला पाकळ्याच नाहीत, रंग धरतात ती संदलं, म्हणजे एरवी कळी झाकणारी बाहेरची दलं. आणि लांब पुंकेसर बाहेर आलेले. खोड स्वच्छ करायचा मोह झाला तर आधी हे चित्र डोळ्यांपुढे आणा.

अशोकाच्या बाबतीत आणखी एक तपासणी. तो खरंच सीता अशोक आहे ना? रोपवाटिकेत अशोक म्हणून सरळसोट वाढणारा, लांब नागमोडी कडांच्या पानांचा आसुपालव हातात पडतो. त्याला बारीक हिरवट फुलं येतात, ती तुमच्या लक्षातही येणार नाहीत. मीही एकदा तो घरी आणला होता. सीता अशोकाचं पान संयुक्त असतं, चार-सहा जोड्यांचं, आणि कोवळी पालवी तांबूस, मरगळल्यासारखी खाली लोंबते. ती बघून पाणी कमी पडलं असं समजू नका, तिची रीतच तशी आहे.

आणि अशोकाला ऊन हवं म्हणून उघड्यावर लावू नका. तो ओढ्याकाठच्या सावलीतला. पश्चिमेच्या उन्हात ठेवलेल्या रोपाची पानं एप्रिलमध्ये कडेने करपतात. सकाळचं कोवळं ऊन, दुपारी सावली, पायाशी ओल आणि कुजलेला पाला, एवढ्यावर तो खूश असतो. आज हा अशोक जंगलात विरळ होत चाललाय. ज्यांच्याकडे ओढ्याची ओल आहे त्यांनी तो लावायलाच हवा असं मला मनापासून वाटतं.

खत आणि पाणी जास्त होतंय का?

सावलीमुळे न फुलणारं झाड आणि लाडामुळे न फुलणारं झाड, दोन्ही लांबून सारखीच दिसतात. जवळ जाऊन बघा. सावलीतलं झाड उजेडाच्या बाजूला कललेलं असतं, पानं पातळ, दोन पानांतलं अंतर लांब, खालच्या फांद्या सुकलेल्या. खताने माजलेलं झाड सरळ वर जातं, पानं जाड आणि काळपट हिरवी, शेंडे लुसलुशीत, त्यांवर बहुधा मावा. अशा झाडाला युरिया तर नकोच, शेणखतही एक वर्ष बंद ठेवा. सावलीतल्या झाडाला खत घालून काही होत नाही, पानं तेवढी वाढतात.

पाण्याचंही तसंच. बहावा, कांचन, कुडा ही पानगळीच्या रानातली झाडं. उन्हाळ्यात कोरडं राहणं त्यांच्या अंगवळणी पडलंय. पहिली दोन-तीन वर्षं मुळं खोल जाईपर्यंत उन्हाळ्यात पाणी द्यायलाच हवं, आठवड्यातून एकदा पण भरपूर. त्यानंतर दिवाळी झाली की हात आखडता घ्या. ठिबकची नळी सगळ्या झाडांना एकच असेल तर या झाडांचे नोझल बंद करा. भर चैत्रात बहावा हिरवागार, पानांनी डवरलेला असेल तर समजा की त्याला कुठून तरी पाणी मिळतंय.

बाकीची कारणं, थोडक्यात

झाड वाढतच नाही, पानं लहान, दुपारी मान टाकतं: मोठ्या झाडाची मुळं त्याचं पाणी पितायत. आळ्यात वीतभर खुरप्याने उकरून बघा, केसांसारख्या बारीक मुळांचं जाळं लागलं तर ती तुमच्या झाडाची नसण्याचीच शक्यता जास्त. बांबूजवळ हे हमखास होतं. अशा जागी मोठं रोप आणून लावू नका, फूट-दीड फुटाचं लावा, ते मुळांच्या फटीतून आपली वाट काढतं. वर तीन-चार इंच पालापाचोळा घाला, बुंध्यापासून चार बोटं लांब ठेवून. मोठ्या झाडाच्या मुळांवर मात्र मातीचा ढीग घालू नका.

पावसाळ्यात पानं पिवळी पडून गळतात: आळ्यात पाणी साचतंय. आमच्याकडच्या पावसात जूनमध्ये आळं मोडून बुंध्याशी उंचवटा करावाच लागतो. सोनचाफ्याला तर साचलेलं पाणी अजिबात चालत नाही. सोनचाफा फुलत नाही अशी तक्रार असेल तर तो कलमी आहे की बियांचा हेही विचारा. कलम एक-दोन वर्षांत फुलतं, बियांचं झाड आठ-दहा वर्षं घेतं.

कळ्या धरल्या होत्या, पण फुलायच्या आधीच गायब: खाली बघा. अर्धवट चावलेल्या कळ्या आणि मोडलेली डहाळी दिसली तर ते वानरांचं काम. कांचनाच्या कळ्या त्यांना फार आवडतात. यावर माझ्याकडे उपाय नाही, आणि राईत राहायचं तर त्यांचाही वाटा असणारच. कळ्यांवर पांढरा कापूस दिसला तर पिठ्या ढेकूण. आधी मुंग्यांची रांग शोधून तोडा, मग पाच टक्के निंबोळी अर्क, संध्याकाळी.

बहाव्याची पानं पावसात एका आठवड्यात चाळणी झाली तर घाबरू नका. पिवळसर-पांढऱ्या फुलपाखरांच्या हिरव्या अळ्या आहेत त्या, बहाव्यावर वाढतात. झाड पुन्हा पालवतं. मी तिथे काहीच फवारत नाही.

दाट सावलीच असेल तर

आंब्या-जांभळाच्या अगदी पोटात, जिथे छत उचलूनही ऊन येत नाही, तिथे कांचन-बहाव्याचा हट्ट सोडा. तिथे अंजनी लावा. महाबळेश्वर, माथेरानच्या रानात ती सावलीत पिढ्यान्‌पिढ्या वाढत आलीय. फार हळू वाढते, हे आधीच सांगते. आमची नऊ वर्षांत कमरेच्या वर जेमतेम गेली. गेल्या फाल्गुनात एका सकाळी तिच्या काळपट फांदीला चिकटून निळ्या-जांभळ्या फुलांचे झुबके दिसले, पानांत नव्हे, थेट फांदीच्या सालीवर. वाकून बघितलं तर प्रत्येक फूल मिरीच्या दाण्याहून थोडंसंच मोठं. अंजनीच्या जोडीला पापट आणि तगर सावली चांगली सोसतात, सागाखाली पांढरा कुडा उत्तम. कुड्याच्या फुलांची भाजीही होते, तेव्हा एकाऐवजी दोन लावा.

आता राहिला बहावा. ऊन पाच तास आहे, वय नऊ वर्षं, छाटणी कधी केलेली नाही, तरी गेल्या मे महिन्यात जेमतेम दोन घोस. शोधता शोधता कळलं की विहिरीच्या पाइपाचा एक सांधा त्याच्या मुळाशी गळत होता आणि तो बारा महिने ओला राहत होता. मामांनी दिवाळीच्या आठवड्यात सांधा बदलला. आळं आता कोरडं ठणठणीत आहे, पानं पिवळी पडायला लागली आहेत, आणि आम्ही दोघंही वैशाखाकडे डोळे लावून बसलोय.